मागांच्या जागचा कोबा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराने जुने माग विकले आणि त्या शेडमध्ये शोरूम काढायचं ठरवलं. शेडचा कोबा पॉलिश करण्याचं काम मी घासाघीस करून मिळवलं. घासाघीस मला येते. नवरा गेल्यावर या धंद्यात टिकले ती तिच्याच जोरावर. तेव्हा धाकट्या दिराने आमचं पॉलिशचं मोठं मशीन उचलून नेलं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला, वहिनी आता घरी बसणार. ते मी विसरलेली नाही.

माझं लहान मशीन घेऊन शेडवर गेले तर कोब्यावर ओळीने ताजे चौकोन. मागांचे पाय रोवलेले खड्डे मालकाने मला न विचारता काँक्रीटने भरून घेतले होते. जुना कोबा मागांचे दणके खाऊन लोखंडासारखा झालेला, आणि मधेमधे हे कच्चे तुकडे. त्यावर मशीन फिरवलं की खालचा हिऱ्याचे कण बसवलेला पॅड जुन्या भागाला नुसता चाटून जाणार आणि चौकोनातली खडी उपटून काढणार. खडी निघाली की खळगा. मग कितीही बारीक पॅड लावा, खळगा तेवढा उठून दिसतो.

"आठ-दहा दिवस थांबा," मी मालकाला म्हटलं. "हे पक्कं होऊ द्या."

"पत्रिका वाटून झाल्यात, ताई. आता दिवसांची पण घासाघीस करता काय?"

मी खिळ्याने चौकोनावर रेघ ओढून भुकटी दाखवली. त्याने खाली बघितलंच नाही, फोन लावला. थोड्या वेळाने दीर हजर झाला, टेम्पोत माझ्या नवऱ्याचं तेच मोठं मशीन घेऊन.

"हे आजच सुरू करतायत," मालक म्हणाला. "काम त्यांना देतो."

माझं डोकं तापलं. "करा की भावजी. दारातल्या चौकोनापासनं करा, लोकांची नजर तिथंच पडते."

"वहिनी, तुमचं तोंड लई चालतं."

"तोंडच ठेवलंय तुम्ही माझ्याकडं. मशीन तर घेऊन गेलात."

त्याने वायर जोडली, मशीन दारात आणलं, बटणावर हात ठेवला. त्याने बटण दाबावं, खडी उडावी आणि मालकाने ती बघावी, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. पण दीर हे काम माझ्याबरोबरच शिकलेला, माझ्या नवऱ्याच्या हाताखाली. बटण दाबेना. शेवटी खाली बसला, खिशातली किल्ली काढून चौकोनावर ओढली, भुकटी बोटात चोळली.

"मालक, थांबायला लागतंय. कच्चं हाय."

"किती?"

"आठ-दहा दिवस."

"बरं. जाणकार माणूस म्हणतोय तर थांबू की. तारीख पुढं घेतो."

मी इतका वेळ काय वेगळं सांगत होते? शब्दसुद्धा तेच. "माझ्या शब्दावर थांबत असाल तर काम माझं," मी म्हटलं. "त्यांच्या शब्दावर थांबत असाल तर काम त्यांना द्या. मी आत्ता मशीन उचलते."

मालकाने दिराकडे बघितलं. तो वायर गुंडाळत होता. "काम वहिनींचंच हाय. माझ्याकडं दुसरं हाय."

दुसरं काहीही नव्हतं. त्याचा टेम्पो कितीतरी दिवस दारात उभा होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं हे देणं मला टोचलंच.

मशीन टेम्पोत चढवायला तो एकटाच होता. मी दुसऱ्या बाजूने हात लावला. हँडलला नवऱ्याने गुंडाळलेली रबरी पट्टी अजून होती.

"हे परत कधी देणार?"

"बघू की," तो म्हणाला आणि ताडपत्री ओढली.

चौकोन पक्के झाल्यावर मी काम सुरू केलं. आधी जाड पॅड, मग कोबा घट्ट करणारं केमिकल, मग एकेक नंबर बारीक करत. मोठ्या मशीनने झटक्यात झालं असतं, लहानाने कंबर मोडली. दारातला चौकोन शेवटी घेतला. दिराच्या किल्लीची रेघ पहिल्याच पॅडला गेली. मोठं मशीन अजून त्याच्याकडेच आहे.