आवाजाबद्दलचा माझा अभिप्राय

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या मी शिलाई मशीनवर बसून मोबाइलवर ऐकतो. दिग्रसला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. हात ब्लाउजवर असतात, कान मोकळे असतात. गेल्या चार वर्षांत या प्रकारातलं मराठी-हिंदीत जे मिळालं ते सगळं ऐकलं, त्यामुळे माझी मतं पक्की झाली आहेत आणि ती गोड नाहीत. यातले निम्मे नायक शेवटी मरतात, उरलेले परदेशी जातात. गाव असतं ते फक्त पळून जाण्यापुरतं. पुसदच्या एसटीत शेजारी बसून गुडघ्याला गुडघा लागू देणारे दोघं मला एकाही पुस्तकात भेटले नाहीत.

माझी मोठी बहीण दुपारी दुकानात हूक लावायला बसते. तिला माझं सगळं ठाऊक आहे. एकदा स्पीकरवर दोन प्रकरणं ऐकून ती म्हणाली, "हे दोघं नुसते रडूनच राह्यले. यायच्या घरी सैपाक कोण करते?" तिच्या या प्रश्नाचंही उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एक नऊ तासांची कादंबरी आली. दोन मास्तरांची गोष्ट, तालुक्याच्या गावातली. मी खूश होऊन लावली. पहिल्या पाच मिनिटांत माझा पाय पायडलवरून निघाला. लेखक अनोळखी होता, पण वाचणाऱ्याचा आवाज ओळखीचा होता. मोबाइलवर मुखपृष्ठाचं चित्र मोठं करून पाहिलं. खाली बारीक अक्षरांत नाव होतं. तोच.

वीस-बावीस वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका वसतिगृहात तो माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गॅदरिंगच्या नाटकात त्याला नेहमी मुख्य काम मिळे, कारण आवाज तसा होता. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि गादीखाली एका दोनशे पानी वहीत गोष्ट लिहीत होतो. पांढरकवड्याजवळच्या हायवेवरचा एक ट्रक ड्रायव्हर आणि ढाब्यावर रोट्या टाकणारा एक माणूस, यांची. कोणाला दाखवायची नव्हतीच. लिहायला लागलो की मला श्वास नीट यायचा, एवढंच.

एका रविवारी दुपारी मेसमध्ये मी जेवायला पोचलो तेव्हा तो बाकावर उभा होता. डोक्यावरून टॉवेलचा पदर घेतलेला, हातात माझ्या गादीखालून काढलेली वही. ड्रायव्हरचं बोलणं तो स्वतःच्या आवाजात वाचत होता आणि रोट्यावाल्याचं बाईच्या किनऱ्या आवाजात. चाळीस पोरं ताटं वाजवत होती. मी वही ओढायला गेलो तर त्याने ती उंच धरली आणि पुढचं पान वाचलं. सगळ्यात खाजगी पान. ते लिहिताना मी कोणाचा चेहरा समोर धरला होता हे त्याला माहीत नव्हतं, हे त्याचं नशीब.

वॉर्डनने वडिलांना बोलावलं. वडिलांनी उभ्याउभ्या अर्धं पान वाचलं, वही टेबलावर ठेवली आणि माझी पेटी उचलून बस स्टँडकडे चालू लागले. मी परत कॉलेजला गेलो नाही. दिग्रसच्या मामाकडे शिवण शिकलो. शिवणाबद्दल माझी तक्रार नाही, चांगला हात आहे माझा. पण ते मी निवडलं नव्हतं.

आणि आता हा माणूस माझ्याच कानात दोन पुरुषांचं प्रेम वाचत होता. आवाज मुरला होता. मध्ये मध्ये हळवा होत होता. काही जण ॲपवर कादंबरीखाली अभिप्राय लिहून गेले होते की, ऐकताना डोळे भरून आले.

मी ती कादंबरी दोनदा पूर्ण ऐकली. ब्लाउज बेतायच्या खाकी कागदावर खडूने मिनिटं टिपत गेलो. बहीण म्हणाली, "काहून एवढा जीव जाळून राह्यला? लिही ना, हा माणूस हरामखोर आहे म्हणून."

"तसं लिहिलं तर लोक मला वेडा म्हणतील," मी म्हटलं. "मी फक्त खरं लिहिणार."

आणि तसंच लिहिलं. एका रविवारी दुकान बंद ठेवून, दिवसभर. वसतिगृह नाही, वही नाही, माझं नाव नाही. फक्त 'दिग्रसचा श्रोता'. लिहिलं की पुस्तक चांगलं आहे आणि वाचणाऱ्याला ते आवडलेलं नाही. पहिल्या चुंबनापाशी तो असा पळत सुटतो जसं कोणी मसणवटीवरून जावं. 'थांब ना' हे दोन शब्द पुस्तकात हक्काने म्हटलेले आहेत, तो ते भीक मागितल्यासारखे म्हणतो. धाकट्या मास्तराला त्याने किनरा आवाज दिला आहे. लेखकाने कुठेही तसं लिहिलेलं नाही; उलट त्या मास्तराच्या हाकेने वर्ग गप्प होतो असं लिहिलं आहे. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाचा आवाज बाईसारखा असतो हे याला कोणी सांगितलं? माझा स्वतःचा आवाज इतका जाड आहे की फोनवर नवीन गिऱ्हाईक दचकतं. प्रत्येक मुद्द्यापुढे मी मिनिट टाकलं, म्हणजे कोणालाही तपासून पाहता यावं.

लोकांनी तपासलं. आधी एकीने लिहिलं, "मलाही खटकलं होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं." मग दुसऱ्याने, मग बरेच. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ते वाचायचो, मग देवाला उदबत्ती. सहा महिन्यांनी कादंबरीचा दुसरा भाग आला. वाचणारी एक बाई होती.

त्यानंतर चार दिवसांनी भर दुपारी दुकानाच्या नंबरवर फोन आला. नंबर पाटीवरही आहे, मोबाइलच्या नकाशातही आहे. माझा मामा दिग्रसला शिवणकाम करतो हे वसतिगृहात मी सांगितलं होतं, ते त्याला आठवलं असणार.

"तूच ना बे?" तो म्हणाला.

"कोण बोलून राह्यलं?"

त्याने नाव सांगितलं. मी स्पीकर सुरू केला. समोर बहीण हूक लावत होती. तिची सुई थांबली.

"आपुन पोरं होतो तवा," तो म्हणाला. "येडेपणा झाला. हे पुस्तक वाचताना मले लई वेळा तुही आठवण आली, खरं सांगतो. या पुस्तकानं बदललं मले."

"बदललं असतं तर दुसरा भाग हातातून जायच्या आधी फोन आला असता."

"अबे, आयकून त घे," तो म्हणाला.

"आन् पोरं चाळीस होती," मी म्हटलं. "वही एकानंच वाचली."

"माफ कर ना, भाऊ. तेवढं लिहिलेलं काढून टाक. नवीन काम कोणी देऊन नाही राह्यलं."

"आधी वाचून दाखव."

"काय?"

"म्या लिहिलेलं. पुरं. मोठ्यानं."

मला वाटलं फोन ठेवेल. त्याने ठेवला नाही. वाचायला लागला, आणि चांगलं वाचत होता, जात्याच आवाज ना. किनऱ्या आवाजाच्या ओळीपाशी आला आणि अडकला.

"वाच," मी म्हटलं.

त्याने वाचलं. शेवटपर्यंत. माझे हात थंड पडले होते आणि मला फार बरं वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

"आता काढशील ना?" त्याने विचारलं.

"नाही."

मी फोन ठेवल्यावर बहिणीने सुई ब्लाउजला टोचून ठेवली. मग म्हणाली, "रडत होता रे तो."

"हो."

"काढून टाकलं असतं तर काय गेलं असतं तुहं?"

मी तिला म्हटलं की, माझं जे जायचं ते यवतमाळला गेलं. ती मान खाली घालून पुन्हा हूक लावू लागली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर घरी गेली. हा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. ती माझ्यावर नाराज आहे हे मला कळतं. तरीही मी ते काढलेलं नाही. अजून तिथेच आहे.

दुसरा भाग मी ऐकला. त्या बाईंचा आवाज जाडसर आहे, त्या जरा संथ वाचतात. पण धाकट्या मास्तराला त्यांनी माणसाचा आवाज दिला आहे. तेही मी खाली लिहिलं, मिनिटांसकट. त्यावर पांढरकवड्याच्या एका बाईने मला विचारलं, दोन बायकांच्या प्रेमाचं काही ऐकण्यासारखं आहे का? मला लाजल्यासारखं झालं, कारण मी तसलं एकही ऐकलेलं नव्हतं. तिला तसं कळवलं आणि आठवडाभराची मुदत मागितली. सध्या लग्नसराईचे ब्लाउज आहेत, ऐकायला वेळ भरपूर मिळतो.