खाप्याहून स्टूल घेऊन निघालो

खाप्याच्या घरी घसरून पडल्यापासून मी अंगणाबाहेर चालणेच सोडले होते. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर पाय आखडतील. लेक वंदना नागपूरला तिच्या वसाहतीत बोलावत होती, "आमच्या लेआउटमध्ये चालणं सोपं आहे, बाबा." पण मधेच दम लागला तर बसायचे कुठे? म्हणून निघताना प्लास्टिकचे स्टूल सोबत घेतले.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "सीट घरूनच आणली का जी, काका?" सगळी गाडी हसली. म्हाताऱ्यांना अर्धे तिकीट लागते, पण आधार कार्ड विसरू नका. मी सारखा खिसा चाचपत होतो. पुढे हिंगणा रोडपर्यंत मेट्रो. लिफ्ट आहे, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाल्ले (वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, बेताने घ्या) आणि वंदनासोबत निघालो, हातात स्टूल. इथे गाड्या लेआउटच्या फाटकाजवळच ठेवतात. आतला रस्ता चालणाऱ्यांचा, वर कडुनिंबाची सावली. प्रत्येकाने कुंपण थोडे आत घेऊन बाहेर ओटा बांधला आहे. परक्याच्या ओट्यावर कसे बसावे? मी ओट्याला लागूनच स्टूल मांडले. घरातून एक आजीबाई आल्या.

"काहून जी, आमचा ओटा चावते का तुमाले?"

"नाही वो बाई. मले वाटलं, कोणी उठवते का काय."

"बसासाठीच बांधला न! घ्या, पाणी प्या. स्टूल राहू द्या इथंच, कोणी नेत नाही."

वंदनाने सांगितले, मागे एक बाई उन्हात चक्कर येऊन पडली, टेकायला जागा नव्हती. तेव्हा सगळ्यांनी मिळून हे ठरवले.

स्टूल तिथेच राहिले. एका ओट्यावरून पुढचा दिसायचा, तेवढ्याच धीरावर पाय उचलत गेलो. चक्क टोकापर्यंत! तिथे रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून जावई उतरत होते.

"बाबा, तुम्ही? इथवर?"

"पायानं," मी म्हणालो. वंदना डोळे पुसत हसत होती.

आठवडाभर रोज चाललो. खाप्याला परतल्यावर सोबत परत आणलेले तेच स्टूल घराच्या फाटकाबाहेर ठेवले. बायको म्हणाली, "कोणी नेलं तर?" मलाही तीच धाकधूक. खिडकीतून बघत राहिलो. भाजीवाली टोपली उतरवून स्टुलावर बसली, तसा मी पाणी घेऊन धावलो. म्हणजे, माझ्या मानाने धावलोच.

ते पाहून कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याने बाहेर खाट टाकली. आता मी रोज तिथवर जातो. फक्त त्यापुढे गावच्या नदीपर्यंत जायचे तर टेकायला काहीच नाही, तेवढी एक काळजी लागली आहे.