दीडफरशी

आमच्या दुकानात ढीगभर जागा असताना हा गडी दीड फरशीत बसायचा. गुडघे पोटाशी, कोपरं अंगाला. जेवायचाही तसाच, दुपारी लवंडायचाही तसाच. "अरे, पसर की हातपाय! भाडं मी भरतोय," असं मी ओरडायचो. तो हसायचा. "तात्या, बराकीत माणशी दीड फरशी. सवय जात न्हाय." झालं, भवानीनगरात त्याचं नावच दीडफरशी पडलं.

पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं माझं दुकान. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या हाणामारीत हा दोन वर्षं आत जाऊन आला होता. डोकं गरम, पण चोर? छे! "भांडून गेलो अन् धंदा शिकून आलो," असं तोच सांगायचा. माणसं कोंबलेल्या बराकीत पहिल्या तीन रात्री त्यानं बसून काढल्या. शेवटी एक मुरलेला मोटारचोर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो थोडा सरकला. "त्याच्यामुळं माझी पाठ टेकली, तात्या." मग शेजारी पडल्या पडल्या उस्तादानं याला विहिरीवरची मोटार दोघांत कशी उचलायची तेही शिकवलं.

उस्ताद सुटला आणि त्याचे फोन सुरू झाले. हा मोबाइल पालथा ठेवायचा. "उचलला तर मला न्हाय म्हणता येणार न्हाय." वर्षभर त्यानं तो उचलला नाही. माझ्यासारख्या तापट माणसाकडं वर्षभर टिकणं म्हणजे खायचं काम नव्हे! हात तर असा सुबक, की मी भरलेल्या मोटारीची मलाच लाज वाटावी.

एके सकाळी माझे चुलते, आबा, दुकानात येऊन गरजले, "माझी विहिरीवरची मोटार गेली!" गिऱ्हाइकं वळून याच्याकडं बघायला लागली. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच. मी विचारलं, "काल रात्री कुठं होतास रे?"

त्यानं हातातली तार खाली ठेवली. "घरी हुतो. तुमीबी इचारलंत व्हय, तात्या?" एवढंच बोलून तो निघून गेला.

संध्याकाळी कळलं, आबांच्याच लेकानं मोटार दुरुस्तीला बारामतीला नेली होती. मी धावत याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. तोवर त्यानं उस्तादाचा फोन उचलला होता. दोन महिन्यांनी इंदापूरजवळ उस्तादाबरोबर टेम्पोत सापडला, तीन मोटारींसकट.

मी जेलात भेटायला गेलो. जाळीपलीकडं तो वाळलेला दिसला आणि मला रडूच फुटलं. "चुकलं माझं, लेका. सुटलास की दुकानात ये. पुन्हा कधी काही विचारणार नाही."

"इचारा की, तात्या," तो हळूच म्हणाला. "तवा सांगाय कायबी न्हवतं. आता हाय."