पाचगणीच्या पायथ्याचं उतरायचं रान

घरातून निघताना ह्यांनी एकच गोष्ट सांगितली, "पोरीला घेऊनच ये." एस.टी.च्या थांब्यापर्यंत गाडीवर सोडलं, पिशवी खाली ठेवली आणि उसाला पाणी सोडायचंय म्हणून लगेच परत फिरले. पिशवीच्या तळाला एक नवी साडी होती. रविवारी सारिकाला बघायला पाहुणे येणार होते आणि हे तिला अजून माहीत नव्हतं. तिला ते मी सांगायचं होतं.

सारिका आमची धाकटी. कराडला कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर पाचगणीला गेली, तिथे छत्रीला लटकून डोंगरावरून उडणारी माणसं बघून आली, आणि शिक्षण संपल्यावर तेच शिकायला निघून गेली. पॅराग्लायडिंग हा शब्द आता मला म्हणता येतो, पण आमच्या घरात सगळे 'ते उडायचं' असंच म्हणतात. ह्यांना ते पटलं नाही. स्वतः सैन्यात होते, बर्फातल्या चौकीवर राहून आलेले. पण पोरीचा विषय निघाला की, "बाईमाणसाचं आभाळात काय काम?" दिवाळीपासून बापलेकीचं बोलणं बंद. इकडचं तिकडे सांगायला मी.

पलूसहून कराड, कराडहून सातारा, तिथून वाई. साताऱ्याच्या गाडीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कोंबडीची टोपली.

"कुटं निगालाय?"

"लेकीकडं. पाचगणीला."

"सासरी हाय व्हय?"

"न्हाई. कामाला हाय."

"कसलं काम?"

आता काय सांगावं? मी म्हणाले, "ड्रायवर हाय."

"आगं बया! मोठी गाडी चालवती?"

"व्हय. मोठीच म्हणायची."

त्या बाई सातारा येईपर्यंत माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. उतरताना म्हणाल्या, "घाटात सावकाश चालव म्हणावं."

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. गाडी वळणं घेत वर चढते तशी खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं. ते कृष्णेचं पाणी आहे हे कंडक्टरने सांगितलं तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. हेच पाणी पुढे वाहत आमच्या मळीपर्यंत (नदीकाठच्या जमिनीपर्यंत) येतं. जन्मभर त्या पाण्यावर धुणं धुतलं, पण ते वरून असं निळं दिसतं हे कधी मनात आलं नव्हतं.

सारिका स्टँडवर आली होती. उन्हाने काळी पडली होती, पण अंग भरलं होतं. तिने माझी पिशवी घेतली. मी म्हणाले, "राहू दे, मी घेते," कारण आत साडी होती.

"आई, आबांनी पाठवलं ना तुला?"

"मला काय माझी मी येता येत न्हाई?"

ती हसली. "मग दोन दिवस थांब. माझी परीक्षा आहे. पास झाले तर यापुढं पाहुण्यांना पुढं बसवून उडवायला मिळेल. नाहीतर अजून वर्षभर दुसऱ्यांच्या छत्र्याच उचलायच्या."

परीक्षा म्हणजे लिहायची नव्हे. पाहुण्याच्या जागी तिचे सर स्वतः बसणार होते आणि तिने त्यांना खाली नेऊन उतरवायचं होतं.

संध्याकाळी ती मला पठाराच्या कडेला घेऊन गेली. तिथे गर्दी असते ती उडणाऱ्यांची आणि त्यांचे फोटो काढणाऱ्यांची. उडून झालं की माणसं जीपमधून वर येतात, फोटो बघतात आणि मक्याचं कणीस खात निघून जातात. मागे राहून छत्रीची घडी बघायला कुणी थांबत नाही. मी थांबले, म्हणून मला ते काम मिळालं. केवढं मोठं कापड! सारिका एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली तसं मी धरत गेले, हवा दाबत गेले. लहानपणी मी आणि माझी आई नऊवारी वाळली की अशीच समोरासमोर उभं राहून घडी घालायचो. सारिकाला मी हे शिकवायला गेले तर ती कधी थांबायची नाही. आता तीच मला सांगत होती, "आई, ओढू नको. सोबत ये."

रात्री जेवताना मी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तिच्या खोलीतल्या दोन मुलींनीही खाल्ली. मी विषय काढायचं ठरवलं होतं.

"सारिका, रविवारी..."

"रविवारी काय?"

"रविवारी आमावस्या हाय का बघ गं."

तिने फोनमध्ये बघितलं. "नाही." मग मी झोपले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली नाही. वारं पाठीमागून येत होतं. उडायला ते दरीतून वर, तोंडावर यावं लागतं. कडेला पुण्या-मुंबईचे पाहुणे ताटकळत बसले होते. एक गृहस्थ फारच चिडले. "आम्ही आधी पैसे भरलेत. वारं नाही म्हणजे काय?"

सारिकाचे सर पन्नाशीचे, टोपी घातलेले, शांत माणूस. ते म्हणाले, "साहेब, वारं आमच्याकडं कामाला नाही हो. तोवर खाली गावात चालत जाऊन या. वाट चांगली आहे, बायाबापड्या रोज चढतात."

पाहुणे काही गेले नाहीत. आम्ही दोघी गेलो.

वाट करवंदीच्या जाळ्यांतून उतरते. मधे एक झरा आहे, त्यावर कुणीतरी नारळाची करवंटी ठेवलेली होती, पाणी प्यायला. मोळ्या घेऊन चढणाऱ्या बायकांनी आम्हाला बाजूला उभं केलं आणि सारिकाला नावाने हाक मारून गेल्या. खाली गेलं की हरभऱ्याची, गव्हाची रानं. त्यातलं एक काढणी झालेलं रान म्हणजे या लोकांची उतरायची जागा. ते शेवंताबाईंचं. माझ्याच वयाच्या, पण आवाज असा की पलीकडच्या बांधावरचं कुत्रं उठावं.

"या या, बसा. ही तुमची लेक? लय भारी उतरती. माज्या बांधाला कवा पाय लावला न्हाई."

त्यांनी शेजारच्या रानातला हिरवा हरभरा उपटला, पाचट पेटवून त्यात भाजला आणि हुळा (भाजलेले हिरवे घाटे) आमच्यापुढे ओतला. हात काळे, तोंड काळं. मी डोक्यावरचा पदर सावरत हळूहळू खात होते.

"खावा की! लाजताय काय? मागं एक शेठ वरनं आला त्यो थेट ह्या हरभऱ्यात पडला. आमी पळत गेलो, म्हटलं मेला का काय. तर त्यो बसून घाटं सोलाय लागला."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात घालावा लागला.

रानाच्या कोपऱ्यात एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला जुन्या साडीची चिंधी. विटून पार जाळी झालेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

सारिका म्हणाली, "वरून येताना आम्ही सगळ्यात आधी हिला शोधतो. चिंधी सांगते खाली वारं कुठून आहे. ते तोंडावर घेऊनच उतरायचं. पाठीवर घेतलं तर पाय टेकताना थांबता येत नाही, माणूस तोंडावर आपटतो. दोघं असले तर दोघंही."

"आन चिंधी दिसली न्हाई तर?"

"दिसते गं."

मला आमचं खळं आठवलं. आई तीन पायांच्या उंच तिवईवर सूप घेऊन उभी राहायची आणि वाऱ्याची वाट बघायची. ज्वारी खाली टाकायच्या आधी चिमूटभर भुसा सोडून बघायची, तो कुठे जातो ते. वारं पडलं की तशीच हात वर धरून थांबायची. मी खालून म्हणायची, "आई, टाक की गं." मी हे सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, "हे तू कधी सांगितलं नाहीस."

तिसऱ्या दिवशी सकाळी वारं चांगलं होतं. मी पहाटेच उठून एक गोष्ट केली होती, ती सरांनी छत्री पसरल्यावर बाहेर आली. एका दोरीला लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या.

"हे कुणी बांधलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सारिकाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही नापास झाली.

सर दोरा सोडत म्हणाले, "मावशी, छत्रीच्या दोऱ्यांना काहीच बांधायचं नसतं. हे आपण जीपला लावू. आमचा ड्रायव्हर ज्या तऱ्हेनं चालवतो, खरी गरज तिलाच आहे."

माणसं हसली. मला तिथे उभं राहवेना. मी म्हणाले, मी खालीच जाऊन थांबते, तिकडूनच वाईची गाडी धरेन. लेक घरी येईल की नाही हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. मी पिशवी घेतली आणि लिंबू बांधलेल्या जीपमधून खाली आले. ड्रायव्हर मला रानात सोडून दुसऱ्या पाहुण्यांना आणायला गेला.

शेवंताबाई बांधावर होत्या. मी आधी कोपऱ्यात बघितलं. बांबूच्या टोकाला नुसती गाठ होती. चिंधी नव्हती.

"रातीच्या वाऱ्यानं गेली वाटतं," शेवंताबाई म्हणाल्या. "थांबा, घरातनं लुगडं आणती."

त्या निघाल्या आणि मी वर बघितलं. कड्यावरून एक लाल छत्री सुटली होती. सारिकाची लाल. शेवंताबाईंचं घर होतं रानाखालच्या ओढ्यापलीकडे.

छत्री मोठी होत गेली. खाली दोन माणसं दिसायला लागली. मी मूठभर माती उचलून सोडली. काल हुळा खाताना धूर गेला होता ओढ्याकडे. आज माती उलटी, डोंगराकडे गेली. आणि सारिका कालचंच वारं धरून ओढ्याकडून यायला लागली होती, वारं पाठीवर घेऊन.

मी हाका मारल्या. माझा आवाज माझ्याच घरात ऐकू जात नाही, आभाळात काय जाणार? मग मी पिशवी उपडी केली. धपाट्यांचा डबा पडला, साडी पडली. आंब्याच्या रंगाची, हलकी. तिला जड साडी नको असते म्हणून मी मुद्दाम हलकी घेतली होती. घडी मोडली, बांधावर चढले आणि दोन टोकं दोन हातांत धरून डोक्यावर उंच केली. वाऱ्याने ती माझ्या हातून जवळजवळ हिसकावलीच. सगळी साडी डोंगराच्या बाजूला ताणून उभी राहिली. माझा स्वतःचा पदर कधी पडला ते कळलं नाही. मी तशीच उभी राहिले. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत.

लाल छत्री जरा हलली. मग वळली. ओढ्यावरून एक मोठा फेरा घेऊन डोंगराच्या अंगाने आली, वारं तोंडावर घेऊन. दोघांचे पाय मातीला लागले, चार पावलं चालले आणि उभे राहिले. छत्री मागे हळूच खाली बसली.

सरांनी पट्टे सोडले आणि आधी माझ्याकडे आले. त्यांनी हात जोडले. मग सारिकाकडे वळून म्हणाले, "बघितलंस, वळलीस. मला एवढंच बघायचं होतं. पास."

शेवंताबाई लुगडं घेऊन धावत आल्या तर इथे सगळं झालेलं. "आवं, नव्या साडीची दैना केली की!"

सारिकाने साडीचं टोक हातात घेऊन बघितलं. काठाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता.

"आई, ही कुणाची?"

"तुजी."

"कशाला आणलीस?"

"रविवारी तुला बघायला पाहुणं येणार म्हणून." एकदाचं सांगून झालं. ती खाली मान घालून उभी राहिली. तिचा चेहरा मला बघवेना. मी म्हणाले, "तुज्या आबांना फोन लाव. मी बोलते."

ह्यांच्याशी मी फोनवर 'बरं' सोडून फार काही बोललेली नाही. त्या दिवशी बोलले.

"ती येत न्हाई. पाहुण्यांना नगो म्हणून सांगा."

"काय कारण सांगू?"

"पोरगी कामावर हाय म्हणावं."

पलीकडून फोन बंद झाला. सारिकाने माझे हात धरले. साडी आम्ही दोघींनी मिळून बांबूला बांधली.

परतीच्या गाडीत मी मागे वळून त्या रानाकडे बघत होते. एका वळणावर पिवळं काहीतरी हललं, मग झाडी आली.

घरी जाऊबाईंनी विचारलं, घोड्यावर बसलीस का, थंड हवेतलं सगळं बघितलंस का? त्यातलं मी काहीच केलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, पाचगणीला गेलात तर एक दिवस कड्यावरून खाली चालत जा. झऱ्यावर पाणी प्या, शेवंताबाईंकडे हुळा खा, आणि त्या रानात बसून वरून येणारं माणूस सुखरूप उतरताना बघा. त्याला पैसे पडत नाहीत. उडणारं माणूस आपलं असेल तर छाती फार धडधडते, पण दुसऱ्याचं असलं तरी बघावं. ते उभं राहिलं की आपल्यालाही जमिनीवर असल्याचं बरं वाटतं.

ह्यांनी मळ्यातून आल्यावर एवढंच विचारलं, "साडी कुटं हाय?"

"रानात. बांबूला बांधली."

दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मळ्यात गेले तर हे बांधावर उभे होते, उसाच्या शेंड्यांकडे बघत. पाती जराही हलत नव्हती.

"आज वारं पडलंय," ह्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. "तिकडं कसं आसंल?"

"इचारा की तिला."

ह्यांनी खिशातून फोन काढला, उलटासुलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "तू लाव."

मी लावला. पलीकडे वाजायला लागला तसा त्यांच्या हातात दिला, आणि वैरण आणायला गेले.