पुरती उतरल्याशिवाय चार्जिंग नाही

आमचं जुनं ड्रिल मशीन तीनदा स्टुलावरून आणि एकदा दुसऱ्या माळ्याच्या बाल्कनीतून खाली पडलं आहे. मूठ फुटली, तिला काळी टेप गुंडाळली. मशीन चालूच. असं मशीन घेऊन मी अमरावतीच्या एका चकाचक दुकानात गेले, तर कंपनीचा टी-शर्ट घातलेला सेल्समन हात न लावताच म्हणतो, "आंटी, हे आउटडेटेड आहे. फेकून द्या."

फेकून द्या! काय बिघडलं होतं त्याचं? चौदा वर्षं भिंती फोडून मोटर ठणठणीत होती. फक्त बॅटरी म्हातारी झाली होती, आणि तशी बॅटरी बनवणं कंपनीनं बंद केलं होतं. बरं, नवी बॅटरी जुन्या मशीनला बसवा म्हटलं, तर ती बसत नाही, कारण खाच बदलली. अरे, कावून बदलली? जुन्या खाचेनं काय घोडं मारलं होतं तुमचं? त्यानं नव्या मशीनचा खोका पुढे सरकवला, आणि मी तिथून उठून आले.

आमचा धंदा पडद्यांचा. शिलाई माझी, आणि भिंतीत भोकं पाडून रॉड बसवायचं काम ह्यांचं. लोकांना नव्या घरात मीटर लागायच्या आधी पडदे हवे असतात, त्यामुळे वायरीचं मशीन नेऊन उपयोग नाही, बॅटरीचंच लागतं. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू ताळ्यावर आलं, काठी घेऊन चालायलाही लागले, पण डावा हात गेला तो गेलाच. तेव्हापासून स्टुलावर मी चढते. पहिल्यांदा चढले तेव्हा शेजारपाजारचे गोळा झाले होते. "बाई मशीन चालवून राह्यली!" मी वरूनच म्हटलं, "पाहा पाहा, तिकीट नाही लावलं."

ह्यांच्याकडे धंद्यातलं एकच काम उरलं, बॅटरी चार्ज करायचं. पण ते त्यांनी असं धरलं की विचारू नका. पुरती उतरल्याशिवाय चार्जिंग नाही, हा त्यांचा कायदा. अर्धी उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावली की तिला अर्ध्याचीच सवय लागते, असं ते सांगायचे, आणि त्या जुन्या बॅटरीच्या बाबतीत ते खोटं नव्हतं. मशीन दमलं की ते बॅटरी काढायचे आणि दोन वायरींनी तिला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब जोडायचे. एक वायर उजव्या हातात, एक दातात. बल्ब विझेस्तोवर तिथंच बसायचे. मग बॅटरी गार होऊ द्यायची, मग चार्जर. मी मदतीला गेले की गुरकावायचे, "तू नको हात लावू. हे माहं डिपार्टमेंट आहे."

कोणी पाहुणा आला आणि आता काय करता म्हणून विचारलं, की ते मान ताठ करून म्हणत, "ब्याटरीचं पाहतो ना मी." ते काम सुटलं असतं तर हा माणूस खाटेवर पडला असता आणि पुन्हा उठला नसता. हे मला कोणा डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

शेवटी नवं मशीन घ्यावंच लागलं. ते आम्ही अकोल्याच्या भाईंकडून घेतलं. भाईंचं हत्यारांचं दुकान आहे, मागच्या खोलीत दुरुस्तीही करतात. जुनं मशीनही त्यांच्याकडचंच. जे मला दुरुस्त करता येत नाही ते मी विकत नाही, असं म्हणणारा माणूस. ह्यांची आणि त्यांची ओळख आमच्या लग्नाच्याही आधीची.

नवं मशीन हलकं होतं, हाताला बरं होतं. आणि सात महिन्यांत त्याच्या बॅटरीनं मान टाकली. कुठे? चांदूर बाजारात, एका नव्या घरी, दुसऱ्या दिवशी वास्तुपूजन आणि पाच खिडक्या बाकी असताना! आदल्या रात्री चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकत होता, तो चार्ज होतोय म्हणून लुकलुकतो असं आम्हाला वाटलं. घरमालकाची वहिनी मला विचारते, "सोबत कोनी मानूस नाही का तुमच्या?" मी म्हटलं, "आहे ना. पण ब्याटरी मेली त्याले मानूस काय करीन?"

खालच्या गल्लीतल्या एका फिटरचं मशीन मागून आणलं आणि काम उरकलं. त्या बाबाची बॅटरी भर उन्हात स्कूटरच्या डिक्कीत पडलेली असते. वाटेल तेव्हा काढतो, वाटेल तेव्हा लावतो, अर्धी असो की पाव. दोन वर्षं झाली, धडधड चालते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे बॅटरी लेकरासारखी जपली जाते, ती मरते, आणि ह्याची उकिरड्यावर लोळते ती जगते! म्हणजे आम्हाला डुप्लिकेट माल दिला, दुसरं काय?

दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला भाईंच्या काउंटरवर नवी आणि जुनी, दोन्ही बॅटऱ्या आदळल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी कोणाची भीड ठेवली नाही. "भाई, लकवा झालेल्या मानसाच्या घरी खोटा माल देला तुमी? शोभते का तुमाले?"

भाईंनी मला बसायला स्टूल दिलं, नवी बॅटरी उघडली, मीटरच्या दोन सुया लावल्या. आतल्या तिन्ही सेलांवर मीटर शून्याच्या आसपास. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. मग चष्मा वर करून हळूच विचारलं, "भाभी, याले कोनी बाहेरून उतरवलं काय? मशीन एवढं उतरू देतच नाही. ते पहिलेच बंद पडते. ही नवी जात अलग आहे. हिले पुरी उतरवली का मरते ही. हिले तर अर्ध्यावरच चार्जिंगले लावा लागते."

मला बल्ब आठवला. दातात धरलेली वायर आठवली. मी तिथं चार माणसांसमोर इतकं तोंड सोडलं होतं आणि आता ते तोंड कुठे लपवावं कळेना.

"दादा बल्ब लावते अजून?" भाईंनी विचारलं. मी मान डोलावली.

मग माझा राग उसळला तो दुसरीकडेच. मशीनच्या खोक्यात एक पुस्तक आलं होतं. मुंगीएवढी अक्षरं, दहा-बारा भाषा, त्यात मराठी शोधून सापडली नव्हती. जगभरच्या लोकांना सांगितलंत, आणि आम्हाला एका ओळीत सांगायला काय जात होतं, की बाबांनो, आता रीत उलटी झाली? उभा जन्म माणूस एक रीत पाळतो, मनापासून पाळतो, आणि तुम्ही त्याला न सांगता अशी वस्तू हातात देता की त्याच्या काळजीनंच ती मरावी. वर म्हणता जुनं फेकून द्या! माणसंही फेकून द्यायची का मग, हात चालत नाही म्हणून? हे सगळं मी भाईंनाच बोलून मोकळी झाले. दुसरं होतं कोण तिथं ऐकायला?

"मीच सांगाले पाह्यजे होतं," भाई म्हणाले. "ध्यानातच नाही आलं, का दादा अजून बल्ब लावत असन."

त्यांनी जुनी बॅटरी जवळ ओढली, खोलली, आणि आतले मेलेले सेल काढून त्याच जुन्या जातीचे, नवं मशीन घेतलं तेव्हा न मिळालेले पण नंतर मागवून ठेवलेले सेल एकेक करून जोडले. दुपार त्यात गेली. "ही घेऊन जा. हिले दादाची रीत बराबर लागू पडते. पुरी उतरवू द्या त्याहीले, काही होत नाही."

"आन नवीचं काय सांगू घरी?" मी विचारलं. "त्यायनं मारली असं सांगितलं तर ते पुन्हा ब्याटरीले हात लावनार नाहीत, भाई. मी वळखते त्याहीले."

भाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "सांगा ना, दुकानदारानं खराब माल देला. माह्यावर टाका."

घरी आल्यावर मी तसंच सांगितलं. जुनी बॅटरी पाहून ह्यांचा चेहरा उजळला, पण दुसऱ्याच मिनिटाला म्हणाले, "फोन लाव त्याले." नको म्हटलं, उद्या पाहू म्हटलं, ऐकेनात. उजव्या हातानं स्वतःच नंबर काढला आणि स्पीकर लावला.

"तुमी असे निघसान असं वाटलं नव्हतं भाई. माही बायको तिथं लोकायच्या दारात खाली मान घालून उभी होती. लाज वाटू द्या थोडी."

पलीकडून आवाज आला, "गलती झाली दादा. माफ करा."

"माफी ठेवा तुमच्यापाशी," म्हणून ह्यांनी फोन कापला. कित्येक महिन्यांत इतका खणखणीत आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजपासून त्याच्या दुकानात पाय ठेवाचा नाही. समजलं?"

चांदूर बाजारच्या वहिनीला मी सोडलं नव्हतं, चकाचक दुकानातल्या सेल्समनला सोडलं नव्हतं. आणि तिथं, माझ्याच घरात, त्या भल्या माणसाच्या बाजूनं एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

"समजलं," मी म्हटलं.