बाईंची सीट आणि सायकलचा पंप

गॅरेजात किस्से कधी कमी पडत नाहीत. चहा सांगितला की तो येईपर्यंत एक घडतो, आणि चहावाला रिकामे ग्लास न्यायला येतो तेव्हा दुसरा सुरू झालेला असतो! पिंपळवंडीला नानांच्या हाताखाली मी बारा वर्षं पाने फिरवले. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांचे किस्से पोत्यानं आहेत. पण मित्र जमले की फर्माईश एकाच गाडीची होते. हवेच्या सीटवालीची!

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. गावातल्या भाऊसाहेबांनी पुण्याहून एक जुनी परदेशी गाडी आणली. मिरवायला नाही हं, आईसाठी! त्यांची आई म्हणजे आम्हा सगळ्यांच्या बाई. तरुणपणी अकरा वर्षं त्यांनी आहुप्याच्या शाळेत शिकवलं, राहायला तिथल्याच ठकूबाईच्या घरी. आता ठकूबाईच्या नातीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. बाईंची पाठ मात्र अशी गेलेली, की डॉक्टरांनी एसटीचं नावच काढू नका म्हणून सांगितलेलं. या गाडीच्या पुढच्या सीटमध्ये हवेच्या पिशव्या होत्या. बटण दाबलं की त्या फुगायच्या आणि कंबरेला आधार द्यायच्या.

नाना सीटवर बसले. बटण दाबलं. सीटनं त्यांना मागून हळूच ढकललं. नाना दार उघडून थेट बाहेर!

"आरं संपत, खाली कोन बसलंय का बघ!"

मी वाकून पाहिलं, खाली कोणी नव्हतं. पण पाच मिनिटांत सीट फुस्स झाली. तीच तर तक्रार होती.

"नाना, कायबी करा," भाऊसाहेब म्हणाले. "आईनं लग्नाची साडी काढून ठिवलीय. आता जायला न्हाई मिळालं, तर तिच्याम्होरं उभं कसं ऱ्हायचं मी?"

*

हवा जाते म्हणजे पंक्चर, आणि पंक्चर म्हणजे पाणी. आमचं शास्त्र एवढंच! नानांनी सीट सोडवली आणि गुरांच्या हौदाकडे न्यायला सांगितली. मी घाबरत म्हणालो, "नाना, हिच्या खाली हवा भरायची मोटर हाय."

"मग? हिरीतली मोटर काय कोरड्यात चालती व्हय?"

दोघांनी मिळून आख्खी सीट हौदात बुडवली. बुडबुडे आले, अहो, केवढे बुडबुडे! स्पंजातून, शिवणीतून, चारी बाजूंनी. पंक्चर कुठं आहे ते सोडून बाकी सगळं दिसलं. मग सीट तीन दिवस नानांच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत होती.

*

या तीन दिवसांत भाऊसाहेबांचे सासरे आले. त्यांना नारायणगावला सोडायचं होतं. गाडीत पुढच्या सीटच्या जागी नुसताच खड्डा. भाऊसाहेबांनी तिथं टोमॅटोचं क्रेट पालथं घातलं, वर गोधडी टाकली. पावणं मागं बसायला तयार नाहीत, जावयाच्या शेजारीच बसणार! दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ते दिमाखात गेले. उतरल्यावर कंबर चोळत म्हणाले, "गाडी लई भारी हाय राव. पर बसायला आपल्या टेम्पोवानीच हाय!"

*

सीट वाळली, बसवली, तर नवीनच आवाज यायला लागला. मग पुण्याच्या शोरूमला एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडचा साहेब म्हणाला, "कम्प्रेसरचा, म्हणजे त्या हवेच्या मोटरचा, आवाज नेमका कसा येतो?"

नानांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. "घर्रर्र... खट्... घर्रर्र... फुस्स!"

"पुन्हा एकदा करा."

नानांनी जीव तोडून पुन्हा केलं. बाहेर रांगेत उभे असलेले एक आजोबा मला हळूच म्हणाले, "भाऊ, ह्यान्ला दवाखान्यात न्या. फोनवर न्हाई व्हायाचं हे."

साहेबांचं निदान मात्र पक्कं होतं. कम्प्रेसरमध्ये पाणी गेलंय, नवा बाहेरच्या देशातून येईल, दोन महिने लागतील. लग्न आठ दिवसांवर! नाना तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी कम्प्रेसरही गप्प झाला.

*

मला सुचले गेनू मास्तर. तमाशाच्या फडांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस, सगळा जन्म चामडं आणि हवेत गेलेला. मास्तर आले. आम्ही पिशवीत पंपानं हवा भरली. त्यांनी गॅरेज बंद करायला लावलं, डोळे मिटले आणि सीटच्या पाठीला कान लावला.

"हितं," मास्तर बोट ठेवून म्हणाले. "डाव्या अंगाला. बारीक सुरात रडतीय बिचारी."

आम्ही कव्हर उसवलं. अगदी तिथंच चीर! मास्तरांनी भात्याचं मऊ चामडं चिकटवलं. पंधरा मिनिटं हवा टिकली, मग पुन्हा सीट बसायला लागली. आमची तोंडं उतरली. मास्तर उलट आमच्यावरच चिडले.

"एकदा हवा भरून पेटी वगभर वाजती का रं? भाता मारीत ऱ्हावं लागतं! तुमी हवा धरून ठिवायला बघताय. मारीत ऱ्हावा की!"

नाना उठून नाचायचेच बाकी राहिले होते!

*

लग्नाच्या दिवशी भाऊसाहेब गाडी चालवायला, बाई पुढच्या सीटवर, आणि मागे मी, मांडीत सायकलचा पंप घेऊन. पंपाची नळी सीटच्या पाठीत गेलेली. घोडेगावच्या स्टँडजवळ थांबलो तर एसटीचा कंडक्टर काचेतून बघत राहिला.

"पंक्चर आतूनच काढताय व्हय?"

डिंभ्याच्या पुढं वळणं सुरू झाली आणि बाईंच्या अंगात शाळा संचारली. "संपत, दोन मार. हं, बस. पुढं खड्डा आहे, तीन मार. लक्ष कुठंय तुझं?" घामानं माझा शर्ट भिजला, पण बाईंनी एकदाही पाठीला हात लावला नाही. आहुपे आलं. बाई उतरल्या त्या सरळ! ठकूबाई मांडवातून धावत आली. दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

लग्न लागलं, जेवणं झाली. निघताना बघतो तर ठकूबाई पिशवी घेऊन तयार. इतक्या वर्षांत ती बाईंच्या घरी एकदाही आली नव्हती. म्हणून बाईंनी तिला चार दिवस न्यायचं ठरवलं होतं. त्यांनी तिला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे आल्या.

मी पंप शोधायला लागलो. पंप बाईंच्या मांडीत होता.

"सरक तिकडं," त्या म्हणाल्या.

गाडी घाटाला लागली. भाऊसाहेब आरशातून बघत घाबरून म्हणाले, "आई, अगं तुझी पाठ!"

बाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही. पुढं वाकून, दोन्ही हातांनी पंप धरून त्या विचारत होत्या, "ठके, बरं वाटतंय का? का अजून दोन मारू?"