आई आणि अंतराळवीरांचे पाय

बाबांची तेरवी होऊन गेली, तरी अकोटहून आलेली मावशी आईला पलंगावरून उतरू देत नव्हती. पाण्याचा पेलाही हातात आणून द्यायची. दुःखातल्या बाईला काम करू द्यायचं नाही, ही आमच्याकडची माया. हळूहळू आईचे पाय इतके गळाले की उभी राहताना ती कापू लागली. डॉक्टरांनी नुसतं चालायला सांगितलं. आईला मात्र वाटलं, आता आपलेही दिवस भरले.

एका दुपारी अंतराळवीरांविषयी वाचता वाचता मी एकदम उठून बसलो. अंतराळात वजन जाणवेनासं झालं की पायांना काम उरत नाही. स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात. परतल्यावर धडधाकट माणसालाही उभं राहिलं की भोवळ येते. हे पृथ्वीवर अभ्यासायचं तर निरोगी माणसांना कित्येक दिवस नुसतं झोपवून ठेवतात!

पुस्तक घेऊन मी धावतच आईकडे गेलो आणि सगळं वाचून दाखवलं.

“म्हणजे मले काही झालं नाही?”

“पायांना काम नाही, एवढंच झालं.”

“अन् ते लोक मंग चालतात का, बापा?”

“चालतात. रोज थोडा व्यायाम करून.”

तिने माझा खांदा धरला. मावशी ओरडली, “काहून उठून रायली वं बाई? पडशीन ना!”

“पडू दे. तूच मले आभायात टांगून ठेवलं,” म्हणत आई दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थांबून तिने, उद्या तिथवर चालत जाऊन बसायला, बाबांची खुर्ची अंगणात न्यायला सांगितली.